पाटी काढली म्हणजे घर रिकामं होत नाही

“ताई, उकरत बसू नका. एक तर आहे तसं राहू द्या, नाहीतर सरळ फॉरमॅट मारा.”

पनवेलमध्ये गेली कित्येक वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या एका जाणत्या दादांनी माझ्या दुकानात उभं राहून हे सांगितलं. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण या वाक्याला माझा विरोध आहे, आणि तो चहा पिता पिता बोलून संपण्यासारखा नाही, म्हणून लिहून मांडते आहे. हे मत एकट्या दादांचंही नाही. टपाल नाक्यापासून खांदा कॉलनीपर्यंत कुठल्याही दुकानात मशिन घेऊन जा, हळू चालतंय म्हणा, नको ते प्रोग्राम आपोआप उघडतात म्हणा, उत्तर या दोहोंपैकीच एक मिळतं. गिऱ्हाईकही मान डोलावतं, कारण तिसरा रस्ता आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

त्या दिवशी झालं होतं ते असं. माझं काम टायपिंगचं, डीटीपीचं, ऑनलाइन अर्जांचं आणि भाडेकरारांचं. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल या पट्ट्यात भाड्याने राहणारे खूप, त्यामुळे कराराच्या नोंदणीसाठी आधारचा अंगठा घेणं हे माझं रोजचं काम. आधारसाठी अंगठा वाचणाऱ्या जुन्या एल-झिरो यंत्रांच्या जागी एल-वन यंत्रं आली, तशी मीही नवीन आणली. जुन्या यंत्राचं सॉफ्टवेअर कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन रीतसर अनइन्स्टॉल केलं. यादीतून नाव गेलं. नवीन टाकलं. आणि पहिलेच आले ते एक अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आजोबा, स्वतःच्या दोन खोल्या भाड्याने देणारे. अंगठा लागेना. पडद्यावर एकच ओळ: यंत्र तयार नाही. आजोबांनी अंगठा धोतराला पुसला, पाण्यात बुडवून पुन्हा पुसला, दहा वेळा ठेवला. मग हात मागे घेऊन म्हणाले, “बाई, उभा जन्म मिठागरात गेला. रेषा कुठल्या राहायला?”

त्यांच्या रेषा शाबूत होत्या. दोष माझ्या मशिनमध्ये होता आणि तो ते स्वतःच्या अंगठ्यावर घेत होते. हे मला सहन झालं नाही. मी सर्व्हिसेसची खिडकी उघडली. जिचं नाव यादीतून गेलं होतं ती जुन्या यंत्राची सेवा तिथे जशीच्या तशी होती, समोर लिहिलेलं ‘रनिंग’. ही आरडी सर्व्हिस नावाची भानगड कशी चालते ते थोडं सांगते. अंगठा मागणारं पान आपल्याच मशिनच्या पोर्टांवर, म्हणजे १११०० ते १११२० या क्रमांकांच्या दारांवर, एकेक करून हाक मारतं. पहिल्या दारावर जुनी सेवा बसलेली. ती ‘ओ’ देणार, आणि तिचं यंत्र तर माझ्या ड्रॉवरमध्ये. म्हणून ‘तयार नाही’. नवीन यंत्राची सेवा पुढच्या दारात हाकेची वाट बघत होती. जुनी सेवा थांबवली, मुळासकट काढली, मशिन पुन्हा चालू केलं. आजोबांचा अंगठा पहिल्या खेपेला लागला.

दादा हे सगळं बघत उभे होते, आणि त्यानंतर त्यांनी ते वाक्य म्हटलं. त्यांचं म्हणणं मी तुकड्या-तुकड्यांनी घेते.

पहिला तुकडा न बोललेला आहे, पण सगळं त्याच्यावर उभं आहे: यादीतून नाव गेलं की प्रोग्राम गेला. असं होत नाही. ‘प्रोग्राम्स अँड फीचर्स’ची ती यादी विंडोजने घरात फिरून केलेली मोजदाद नव्हे. प्रत्येक प्रोग्राम येतानाच रजिस्ट्रीच्या ‘अनइन्स्टॉल’ नावाच्या कप्प्यात स्वतःची नोंद करतो, आणि मला काढायचं असेल तर अमुक फाइल चालवा असं लिहून ठेवतो. आपण बटण दाबतो तेव्हा बहुतेक वेळा विंडोज तीच फाइल चालवतं. म्हणजे काढायचं काम ज्याला काढायचं त्याच्याच हाती. त्याने काय न्यावं, काय ठेवावं, हे त्याच्या मर्जीवर. रोज भाडेकरार करणाऱ्या बाईला हे चटकन समजतं: जागा सोडणाऱ्यानेच जागा सोडल्याचा पंचनामा लिहायचा, आणि मालकाने आत न बघता सही करायची. घराच्या बाबतीत महाराष्ट्रात हे चालत नाही. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ने करार लेखी आणि नोंदलेला असणं बंधनकारक केलं, आणि कलम २४प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावरही जागा न सोडणाऱ्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. दोन खोल्यांच्या मालकाला कायद्याने एवढं बळ दिलं. पन्नास हजारांच्या लॅपटॉपच्या मालकाला काय दिलं?

दुसरा तुकडा: उरलं तर उरलं, ते काही खात नाही. यात अर्धं खरं आहे आणि ते मी आधीच मान्य करते. रजिस्ट्रीत मागे राहिलेल्या शे-दोनशे ओळींनी मशिन हळू होत नाही. रिकामं फोल्डर, जुन्या सेटिंगची चार केबींची फाइल, यांच्यामागे रात्र घालवण्यात अर्थ नाही. पण मागे राहणाऱ्या सगळ्याच गोष्टी निर्जीव नसतात. सेवा जिवंत असते. टास्क शेड्युलरमधलं काम जिवंत असतं, ते रोज दुपारी दोन वाजता उठून इंटरनेटवर जातं. ड्रायव्हर जिवंत असतो. आणि अमुक वेबसाइट खरी आहे असं मशिनला सांगणारं प्रमाणपत्रही जिवंत असतं.

प्रमाणपत्राची गोष्ट सांगायलाच हवी. लेनोवोने २०१४च्या शेवटी काही लॅपटॉपांमध्ये सुपरफिश नावाचा जाहिराती घुसडणारा प्रोग्राम कारखान्यातूनच घालून विकला. फेब्रुवारी २०१५मध्ये ते उघडकीला आलं. लोकांनी कंट्रोल पॅनलमधून तो काढला, आणि सुटलो म्हणून निःश्वास टाकला. पण त्याने विंडोजच्या विश्वासाच्या यादीत घातलेलं मूळ प्रमाणपत्र तिथेच राहिलं. त्याची गुप्त किल्ली सगळ्या लॅपटॉपांत एकच होती आणि ती दोन दिवसांत बाहेर आली. म्हणजे ती किल्ली हाती असलेल्या कुणालाही बँकेचं खोटं पान तुमच्यासमोर कुलपाच्या खुणेसकट उभं करता आलं असतं, प्रोग्राम काढून टाकल्यानंतरसुद्धा. हे ‘काही खात नाही’ कसं?

आणखी एक. जुलै २०१९मध्ये एका संशोधकाने दाखवून दिलं की मॅकवर झूम अनइन्स्टॉल केलं तरी त्याचा एक छोटा वेब सर्व्हर मागे चालू राहतो, आणि मीटिंगच्या लिंकवर क्लिक झालं की तो सर्व्हर झूम पुन्हा बसवतो, मालकाला न विचारता. ॲपलला स्वतःहून गुपचूप अपडेट पाठवून तो सर्व्हर लोकांच्या मशिनांतून काढावा लागला. पुढच्याच वर्षी पनवेलमधल्या घराघरांत शाळेसाठी झूम आलं. मॅक पनवेलमध्ये फार नाहीत, पण ‘काढला म्हणजे गेला’ या समजुतीला किती आधार आहे ते यातून कळतं.

आणि तरीही पटत नसेल तर अँटिव्हायरसवाल्यांकडे बघा. मॅकॅफी, अवास्ट, कॅस्परस्की, ईसेट, या सगळ्यांनी आपलंच सॉफ्टवेअर पूर्ण काढण्यासाठी वेगळं साधन काढून ठेवलं आहे. काही साधनं तर सेफ मोडमध्ये जाऊन चालवावी लागतात. नेहमीच्या बटणाने काम नेहमी पुरं होत नाही, ही खुद्द बनवणाऱ्यांची कबुली आहे. एकाचे ड्रायव्हर मागे राहिलेले आणि वर दुसरा अँटिव्हायरस बसवलेला, अशी मशिनं माझ्याकडे दर महिन्याला येतात. मालक सांगतो, रॅम कमी पडतोय. रॅम टाकून घेतलेलीही माणसं आहेत. दोन-तीन हजार रुपये त्यात जातात आणि दुखणं तिथेच राहतं.

आता फॉरमॅट. दादा, इथे मी जास्त बोलणार आहे, कारण याचे व्रण मी जास्त बघितले आहेत.

फॉरमॅट मारला की सगळं जातं, असं आपण गिऱ्हाइकाला सांगतो. पहिली गोष्ट, सगळं जात नाही. २०१५मध्येच लेनोवोच्या काही मॉडेलांत असं सापडलं की डिस्क पूर्ण पुसून नवी कोरी विंडोज टाकली तरी कंपनीचा प्रोग्राम परत हजर. तो डिस्कवर नव्हताच, मदरबोर्डच्या चिपमध्ये होता, आणि विंडोजमध्येच त्यासाठी ठेवलेल्या एका सोयीतून दर वेळी मशिन चालू होताना आत शिरत होता. कंपनीला त्यासाठी नवं बायॉस द्यावं लागलं. हे टोकाचं उदाहरण झालं, रोजचं सांगते. क्रोममध्ये घुसलेलं नको ते एक्स्टेन्शन घालवण्यासाठी आपण फॉरमॅट मारतो, गिऱ्हाईक घरी जाऊन क्रोममध्ये आपल्या खात्याने लॉगिन करतं, सिंक चालू होतं, आणि तेच एक्स्टेन्शन पुन्हा येऊन बसतं. ते मशिनमध्ये नव्हे, खात्यात राहत होतं. कोपऱ्यात येणाऱ्या ‘तुमच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागला’ असल्या पाट्या बऱ्याचदा कुठल्या तरी वेबसाइटला चुकून दिलेल्या नोटिफिकेशनच्या परवानगीतून येतात. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन ती परवानगी काढायला दोन मिनिटं लागतात. त्यासाठी लोकांचे पाचशे-सातशे रुपये आणि अख्खा दिवस घेतलेला मी बघितला आहे. ते मला अन्यायाचं वाटतं.

दुसरी गोष्ट, जे जायला नको ते जातं. एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे पेन ड्राइव्ह घेऊन आल्या. त्यांच्या यजमानांनी आजूबाजूच्या गावांतल्या जुन्या चालीरीतींवर वर्षानुवर्षं लिहिलेलं, दीडशेच्या वर पानं, सगळं कॉम्प्युटरवर टाइप केलेलं. यजमान गेले. त्यानंतर मशिन हळू झालं म्हणून कुणीतरी फॉरमॅट मारून दिला. ‘डेटा ठेवलाय’ म्हणून सांगितलं, आणि तेही खरं होतं, फाइली सगळ्या होत्या. पण उघडल्या की मराठीच्या जागी नुसती रोमन गिचमिड, अक्षरांवर टोप्या आणि टिंबं. बाईंना वाटलं फाइली सडल्या. सहा महिने त्यांनी त्या उघडल्या नाहीत.

मी वर्डमध्ये फाइल उघडून फॉन्टच्या चौकटीत बघितलं. मजकूर युनिकोडमध्ये नव्हता, आयएसएमच्या सुरेख फॉन्टमध्ये होता. युनिकोड अंगवळणी पडण्याआधीचं मराठी टायपिंग असंच आहे. सी-डॅकचं आयएसएम, मॉड्युलरची श्री-लिपी, आकृती, प्रत्येकाची मांडणी निराळी. त्या फाइलींत अक्षरं नसतातच, त्या-त्या फॉन्टच्या चित्रांचे क्रमांक असतात. फॉन्ट गेला की मराठी वाचता येत नाही. प्रेसवाल्यांना, वकिलांच्या टायपिस्टना, दिवाळी अंक काढणाऱ्यांना हे ठाऊक आहे. फॉरमॅट मारणाऱ्याला ठाऊक नव्हतं किंवा विचारावंसं वाटलं नाही. माझ्या जुन्या मशिनमध्ये तो फॉन्ट होता. तो बसवला आणि पहिल्या पानावर ‘प्रास्ताविक’ हा शब्द उमटला. बाई खुर्ची पुढे ओढून पडद्याच्या अगदी जवळ गेल्या आणि हलक्या आवाजात वाचू लागल्या. दुकानात तीन माणसं रांगेत होती, कुणी काही बोललं नाही.

म्हणून म्हणते, फॉरमॅट ही दुरुस्ती नाही. क्वचित तो लागतो. रॅन्समवेअर शिरलं, विंडोजच्या मूळ फाइली खराब झाल्या, तर मीही तोच मारते. पण चार नको असलेल्या प्रोग्रामांसाठी टॅलीचा परवाना, डिजिटल सहीच्या टोकनचे ड्रायव्हर, जीएसटीला लागणारं साइनर, प्रिंटरच्या सेटिंग आणि वीस वर्षांचे फॉन्ट पुसायचे, याला दुसरं नाव द्यायला हवं.

आणि क्लीनर सॉफ्टवेअर वापरा असं सुचवणाऱ्यांना एवढंच सांगते: रजिस्ट्री साफ करणाऱ्या साधनांना मायक्रोसॉफ्ट स्वतः पाठिंबा देत नाही, आणि २०१७मध्ये सीसीक्लीनरच्या अधिकृत आवृत्तीतच हल्लेखोरांनी घातक कोड घुसवला होता, ती वीस लाखांहून जास्त लोकांनी उतरवली होती. नको असलेलं काढण्यासाठी आणखी एक नको असलेलं आणू नका.

“पण वेळ कुणाला आहे?” हा दादांचा खरा मुद्दा, आणि तो प्रामाणिक आहे. माझा हिशेब असा. आधी कागदपत्रांचा बॅकअप आणि रिस्टोर पॉइंट. सिस्टिम प्रोटेक्शन पुष्कळ मशिनांत बंदच असतं, ते चालू करून घ्यायचं. मग प्रोग्रामच्याच अनइन्स्टॉलरने तो काढायचा, कारण पंचनामा अपुरा असला तरी बरंचसं सामान तोच नेतो. मशिन पुन्हा चालू करायचं. मग मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्समधलं ऑटोरन्स उघडायचं. ते फुकट आहे, बसवावंही लागत नाही. मशिन चालू होताना कोण कोण उठतं, सेवा, ड्रायव्हर, शेड्युल केलेली कामं, सगळं एका जागी दिसतं. काढलेल्या कंपनीचं नाव दिसलं तर आधी नुसती टिकमार्क काढायची, दोन दिवस चालवून बघायचं, मग पुसायचं. शेवटी प्रोग्राम फाइल्स, प्रोग्रामडेटा आणि ॲपडेटा यांतली त्याची फोल्डरं, ब्राउझरची एक्स्टेन्शनं, आणि शंका असेल तर प्रमाणपत्रांची यादी. हात बसला की एका प्रोग्रामला वीस मिनिटं. फॉरमॅट, विंडोज, अपडेट आणि सगळे ड्रायव्हर यांना अर्धा दिवस जातो. मग वेळ वाचला कुणाचा?

उत्साहाच्या भरात चुका होतात, त्याही सांगते. यादीत ‘व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल’ आठ-दहा वेळा, वेगवेगळ्या सालांचं दिसतं. ते कचरा नाही, दुसरे प्रोग्राम त्याच्यावर उभे असतात. विंडोजच्या आतलं ‘इन्स्टॉलर’ फोल्डर कितीही फुगलेलं दिसलं तरी हाताने पुसू नये. ते गेलं की पुढे बरेच प्रोग्राम धड अपडेट होत नाहीत आणि काढताही येत नाहीत. आणि डेस्कटॉपवरचा आयकॉन डिलीट करणं म्हणजे प्रोग्राम काढणं नव्हे. हे मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना पहिल्या दिवशी सांगते, कारण एमएस-सीआयटी केलेल्यांपैकीही कितीतरी जणी तसंच करत असतात.

एवढं सगळं आपण का करायचं, हा प्रश्न मात्र मी दादांना नाही, बनवणाऱ्यांना विचारते. बसवताना एक बटण, काढताना पाच खोल्यांत शोधाशोध, ही तांत्रिक अडचण नाही. कुठे काय ठेवलं हे बसवणाऱ्याला पक्कं माहीत असतं. विंडोज ९८मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररला काढायच्या यादीतच येऊ दिलं नव्हतं, आणि जून २००१मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने यादीतून ते वगळणं बेकायदा ठरवलं. म्हणजे काढण्याच्या बटणाचा प्रश्न न्यायालयात जाऊन आलेला आहे. युरोपने पुढे डिजिटल मार्केट्स कायदा केला, आणि मार्च २०२४पासून तिथल्या विंडोजवर एज ब्राउझर साध्या बटणाने काढता येतो. तोच लॅपटॉप, तीच विंडोज, पनवेलच्या लाइन आळीत उघडा. एजसमोरचं अनइन्स्टॉलचं बटण चालत नाही. फ्रान्समधल्या माणसाला जे करता येतं ते इथल्या माणसाला का करता येऊ नये, याचं तांत्रिक कारण कुणी मला सांगावं. नाहीच आहे.

आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ला फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. तेरा प्रकार त्यात नावानिशी दिले आहेत. वर्गणी रद्द करणं मुद्दाम अवघड करणं हा त्यातला एक. वर्गणी थांबवता येत नाही ही फसवणूक असेल, तर प्रोग्राम पूर्ण काढता येत नाही ही कोणत्या न्यायाने गैरसोय ठरते? चौदावा प्रकार लिहायला हवा: जे बसवलं ते सगळं, सेवा, ड्रायव्हर, शेड्युल, प्रमाणपत्रासकट, एका बटणाने निघालं पाहिजे, आणि मालकाचा मजकूर ठेवायचा की नाही हे विचारलं पाहिजे. ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांनी हे हातात घ्यावं. मशिन दुरुस्त करणाऱ्या आपण सगळ्यांनी त्यांना उदाहरणं द्यावीत. रोज टेबलावर येणारी उदाहरणं आपल्याइतकी कुणाकडे आहेत?

दादा, परवा तुमच्याकडे फॉरमॅटला जाणारा एक लॅपटॉप त्याच्या मालकिणीने आधी माझ्याकडे आणला. सध्या तो माझ्या टेबलावर आहे. कागदावर दोन रकाने केले आहेत. काढायचे अकरा प्रोग्राम, त्यांतले दोन अँटिव्हायरस. ठेवायचं: श्री-लिपी, टोकनचा ड्रायव्हर आणि ‘आई’ नावाचं एक फोल्डर. शनिवारी त्या येतील, दोन्ही रकाने वाचून सही करतील, मग मी हात लावीन. तुम्हीही या, शेजारी बसून बघा किती वेळ लागतो ते.